काळ्या अळंबीची जागा

अळंब्यांची नोंद ठेवणाऱ्या कुरामोतोबाईंनी गावाला बजावलं, "काळी अळंबी नामशेष व्हायला आलीय. निदान दोन जागा दाखवा, नाहीतर खुडायला बंदी येईल."

पण इवातेच्या डोंगरात अळंबीची जागा पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. शेवटी म्हातारा तोमेजी बाईंना एकटाच घेऊन गेला. "बायकोला सांगू नका." दुसऱ्या दिवशी त्याची बायको शिगे त्यांना घेऊन गेली. "आमच्या ह्यांना सांगू नका. आधीच कोणी मेला निम्मी खुडून नेतो."

तरीही बंदी आली. गावसभेत बाई एवढंच म्हणाल्या, "दोघांनी जागा दाखवली. पण दोघांनी मला एकाच झाडाखाली नेलं."

तोमेजीची मान खाली गेली. शिगे त्याच्याकडे वळली.

"अहो, चाळीस वर्षं ज्या चोराला शिव्या घालतेय, त्याला जेवायलाही मीच वाढतेय?"