उत्तराची वाट

“आजी, परत तेच इंजिनाचं कार्टून? मला पाठ झालंय!” नात कुरकुरली.

“तुला झालं गं, पण यांना कुठे म्हणता येतंय?”

जन्म गॅरेजात गेलेल्या आजोबांची वाचा पक्षाघाताच्या झटक्याने हिरावून नेली होती. कार्टूनमधली इवलीशी मोटार रोज विचारायची, “सांगा बघू, इंजिनात ठिणगी कोण पाडतं?” आणि उत्तर न ऐकताच “बरोब्बर, शाब्बास!” म्हणून मोकळी व्हायची.

आज प्रश्न संपताक्षणी आजीने रिमोट दाबला. चित्र थांबलं.

“आता तुम्ही सांगितल्याशिवाय ती पुढे जायची नाही. मीही इथून उठायची नाही.”

आजोबांनी डोळे वटारले. चहावर साय धरली. आजी हलली नाही.

“प्ल... प्लग.”

आजीने रिमोट दाबला.

“बरोब्बर, शाब्बास!” मोटार ओरडली.