तांत्रिक मदत

“तुम्ही पीएचडीला बसलात तर इथली मशीनं कोण बघणार, बाई?” पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत विभागप्रमुख हसत म्हणाले. शेजारचे प्राध्यापकही हसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई तेवढ्या अर्ज वाचत राहिल्या.

सुमेधा घोडेस्वार हसली नाही. अकरा वर्षं ती या विभागाच्या संगणक प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. पुराचं गणिती मॉडेल अडलं, की संशोधक विद्यार्थी तिच्याकडेच धावत यायचे. चूक ती शोधून द्यायची, आणि प्रबंधात ‘तांत्रिक मदतीबद्दल आभार’ एवढंच छापून यायचं. नोकरी सांभाळून तिने एमएस्सी केलं होतं. यंदा प्रवेश परीक्षेत ती पहिली आली होती.

“सर, तुमच्या ज्या शोधनिबंधाला पारितोषिक मिळालं, त्यातली पुराची चुकीची येणारी पातळी मी दुरुस्त करून दिली होती,” ती म्हणाली. “तेव्हा मशीनं काही बंद पडली नाहीत.”

“मदत वेगळी आणि संशोधन वेगळं.”

“मग तसं लेखी द्या. पहिली येऊनही जागा नाकारली, कारण मशीनं बघायला दुसरं माणूस नाही.” तिने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

मग परीक्षक बाईंनी अर्जातून मान वर केली. “ती पातळी चुकत कशामुळे होती?”

वीस मिनिटांत विषयावरचा हा पहिलाच प्रश्न होता. इतका वेळ ताठ राहिलेला सुमेधाचा आवाज आता कापला. “सांगते,” म्हणत ती उठली आणि फळ्यावर नदीचं पात्र काढू लागली.