आपोआप निम्मं

एरंडोलकडच्या एका गावात, १९४६ साली, सुपडू आबा ओसरीवर अक्षर लावून लावून वर्तमानपत्र वाचत होते. शास्त्रज्ञांनी घडवलेलं त्र्याण्णव क्रमांकाचं मूलद्रव्य कुलपात ठेवलं तरी अडीच दिवसांच्या आत आपोआप निम्मं होतं म्हणे.

"कुलपातली चीज निम्मी कशी व्हई? कोनीतरी खाई जास!" आबांनी सुनेकडे पाहिलं. फडताळातलं तूपही असंच घटत होतं आणि त्या चोरीच्या आळापायी सून ताईबाईला उद्या कायमची माहेरी धाडणार होते. "आजपासून तुपानी किल्ली मनाजवळ ऱ्हाई," म्हणत आबांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

छापील अक्षरावर कधीच विश्वास न ठेवणारी त्यांची बायको भिकुबाई घाईनं म्हणाली, "छापेल शे ना? मंग व्हत व्हई आपोआप निम्मं!"


तिनं कमरेची काढून दिलेली किल्ली आबांच्या बोटांतून निसटली, इतकी ती तुपानं ओशट झाली होती.