दार लावायच्या आधी

तीन वर्षं झाली, हनोख सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हता, आणि रिबकाबाईंना लेकाच्या फुगलेल्या तोंडाचा वीट आला होता. कारण काय, तर लेया चारचौघांत म्हणाली, वहिनीच्या मलिद्यात गूळ कमी पडला.

आज दरफाळणी, बेने इस्रायली ज्यू घरांतला माफीचा उपास. सूर्य बुडताच उपास सुरू व्हायचा नि दारं लागायची. लेया माफी मागायला उंबऱ्यापाशी आली, तर हा पांढऱ्या कपड्यांत दार अडवून उभा.

“आई, देवालाही राग आलाच होता ना? लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा?”

दोन इयत्ता शिकलेल्या रिबकाबाईंनी ती गोष्ट शेवटापर्यंत ऐकली होती.

“आला होता. मोशेने लोकांसाठी विनवलं नि देव निवला. तुला तीन वर्षं पुरली नाहीत. तिला आत घे, नाहीतर उपास कशाला करतोस? ताट वाढते, जेवून घे.”