काटकसर

संसार सांभाळून शिकणाऱ्या बायकांसाठी एक छोटं कॉलेज होतं. तिथलं कँटीन चालवणाऱ्या एकाच्या डोळ्यांत, त्याच कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या बायकोचं अर्थशास्त्र खुपत होतं. "घरातलं मीठ संपलेलं कळत नाही, आणि निघाल्या बाईसाहेब देशाची महागाई मोजायला," तो गल्ल्यावरून सगळ्यांना ऐकवायचा. तिच्या वर्गातल्या बायका त्याच्याच टेबलांवर चहा पीत ते ऐकून घ्यायच्या. ती मात्र तिथे पाण्यालाही थांबायची नाही.

सत्र अर्ध्यावर आलं आणि त्याने तिचं नाव काढून टाकलं. "पुरे झाली उधळपट्टी." एवढ्यावर त्याचं भागलं नाही. दोन्ही साडूंचे, शेजाऱ्यांचे, जो भेटेल त्याचे त्याने कान भरले. "पैसे काय झाडाला लागतात?" सगळ्यांना पटलं. एकेक करून त्यांच्या बायकाही घरी बसल्या.

शिकायला बायकाच उरल्या नाहीत, तेव्हा कॉलेजने वर्ग गुंडाळले. पाठोपाठ शिपाई निरोप घेऊन आला, "वर्गच नाहीत, तर कँटीन कोणासाठी? सामान उचला."

घरी येऊन त्याने किटली ओट्यावर आदळली. "सगळ्यांनी चार पैसे वाचवले, मग बुडालो मीच कसा?"

ती भांडी घासता घासता म्हणाली,

"ते पुढच्या धड्यात होतं. तुम्ही माझं नाव काढलंत तेव्हा आम्ही तिथवर पोचलो नव्हतो."