यंदाचा जावई

कंपाउंडरांनी डोळे घट्ट मिटले आणि टेबलावरचे चारही ग्लास चाचपडत इकडचे तिकडे केले. डोळे उघडले, तर काही उपयोग झाला नव्हता. कुठल्या ग्लासात कुठली सिंगल माल्ट व्हिस्की, ही चुगली हाताने केव्हाच डोक्याकडे केली होती. चाळीस वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधं मिसळलेला हात, त्याला फसवणार कसं?

न बघता चाखायचं तर दोन माणसं लागतात. एकाने ओतायचं, ग्लासाच्या बुडाला आकडा चिकटवायचा, आणि दुसऱ्याने तोवर भिंतीकडे तोंड करून शाळेतल्यासारखं उभं राहायचं; मग पहिल्याने भिंतीकडे वळायचं आणि दुसऱ्याने ग्लास हलवायचे. गेली अकरा वर्षं, याच तारखेला, दुपारी चार वाजता हे दुसरं माणूस म्हणजे व्याही असत. मुलीचे सासरे, जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेले, अंगाने काडी आणि वादाला पक्के. चार माल्टमधून एक निवडायची आणि वर्षभर तिची बाटली वरच्या फळीवर मानाने ठेवायची. तिला दोघं ‘यंदाचा जावई’ म्हणत. “हा तरी तुम्ही चाखून घेतलात,” असं व्याही दरवर्षी म्हणायचे, आणि खऱ्या जावयाचे बाप असूनही स्वतःच आधी हसायचे.

गुणांची वही कंपाउंडरांकडे असे. त्यांनी ‘ओला कोळसा, सात’ असं लिहिलं की व्याही म्हणायचे, “साफ चूक. ही नवी चप्पल आहे,” आणि सात खोडून पाच करायचे. मग तासभर वाद. हरले की पाच गिरगटून टाकायचे आणि खोडलेल्या साताखाली मुकाट्याने टिंबं द्यायचे. त्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ एवढाच, की खोडलं ते चुकलं, होतं तसं राहू द्या.

आठ महिन्यांपूर्वी मुलांचा काडीमोड झाला. मुलीचा बाप म्हणून यांनी फोन केला नाही. मुलाचा बाप म्हणून त्यांनी केला नाही. घर खायला उठतं म्हणजे काय ते कंपाउंडरांना बायको गेली तेव्हा कळलं होतं, आता पुन्हा नव्याने कळत होतं.

बेल वाजली. दारात पार्सलवाली मुलगी, हेल्मेटसकट.

“काका, सही करा इथे.”

खोकं बुटाच्या डब्याएवढं होतं. लेक अधूनमधून गुडघ्यासाठी मलमं पाठवते, तेच असणार म्हणून कंपाउंडरांनी ते न बघताच खुर्चीवर ठेवलं.

“एक काम करशील? ते चार ग्लास जरा इकडचे तिकडे कर. मी बघत नाही.”

तिने टेबलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “दारू आहे ना ही? काका, नोकरी जाईल माझी.”

“तुला प्यायला कुठे सांगतोय? नुसते हलव.”

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे काचेला काच लागल्याचा आवाज आला.

“एरवी कोण हलवतं?”

“व्याही हलवतात.” मग भिंतीलाच सांगावं तशी त्यांनी दुरुस्ती केली. “हलवायचे.”

“अरेरे. गेले का?”

“छे, ठणठणीत आहेत. मुलांचं मोडलं.”

“मग व्याही कसले? आता कोण लागतात ते तुमचे?”

कंपाउंडरांनी मनातल्या मनात बरीच नाती लावून पाहिली. एकही बसेना.

“कोणी नाही,” ते म्हणाले.

“झालं बघा. वाससुद्धा घेतला नाही,” असं म्हणून ती जिना उतरूनही गेली.

आता मात्र कुठला ग्लास कुठला, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पहिला उचलला. नाकाशी धरला, घोट तोंडात घोळवला.

“ओला कोळसा,” ते मोठ्याने म्हणाले, आणि सवयीने थांबले.

फ्रिज घुरघुरत राहिला. ‘साफ चूक’ असं कोणीच म्हणालं नाही. दुसरा ग्लास त्यांनी ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. बिनविरोध निवडलेल्या जावयात काय राम!

बसायला खुर्ची ओढली तर त्यावर खोकं. ते उचलताना आत काहीतरी किणकिणलं. मलमाच्या ट्यूबा किणकिणत नाहीत. कंपाउंडरांनी चिकटपट्टी फाडली. कागदाच्या बोळ्यांत चार तपकिरी बाटल्या होत्या, अंगावर मात्रेच्या रेघा असलेल्या, जुन्या दवाखान्यातल्या. त्यांनीच कधीतरी व्याह्यांना निलगिरीचं तेल भरून दिल्या होत्या. प्रत्येकीवर फक्त आकडा, एक ते चार. एकीचं बूच उघडून त्यांनी वास घेतला. निलगिरी नव्हती.

तळाशी चिठ्ठी होती. ‘ओतून ठेवल्या आहेत. नावं मुद्दाम घातली नाहीत, ती माझ्याकडे आहेत. गुण कळवा.’

अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही. आणि वर, मायन्यात लिहिलेलं ‘व्याहीबुवांस’ एका सरळ रेघेने खोडलेलंही बिनचष्म्याचंच दिसलं. बरोबरच होतं म्हणा. पार्सलवाली पोरगीही तेच म्हणाली होती.

तरी त्यांनी चष्मा लावला. रेघेच्या खाली काहीतरी बारीक होतं. चिठ्ठी खिडकीशी नेऊन त्यांनी बोट ठेवून मोजलं.

पाच अक्षरं, पाच टिंबं.