मुठीचं माप

सौंसरचा हिरामण कचेरीला सुट्टी असली की ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे शिकारी सुरे घडवायचा आणि विकायचा. घेणारे शौकीन असत. सुरा नेऊन बैठकीत टांगत. एका बाजाराच्या दिवशी मात्र बोरगावची दिपाली नावाची बाई आली. मुठीसाठी हाताचं माप घेताना तिच्या मनगटावरचे काळेनिळे वळ त्याला दिसले. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या बाजारी ती सुरा घेऊन गेली.

तेव्हापासून हिरामणच्या जिवाला चैन नव्हतं. पेपर आला की तो आधी बोरगावची बातमी शोधायचा.

दहाव्या दिवशी दिपाली लहान लेकीला घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, नवऱ्याले काही केलं तर नाही ना?" त्यानं घाबरतच विचारलं.

"नाही जी भाऊ!"

हिरामणचा अडकलेला श्वास सुटला.

"तो मले बाजाराले जाऊ देये, पण लेकीले घरी अडकवून ठेवे," ती म्हणाली. "बाकी दिवस दोघींले कोंडून, दार बाहेरून दोरीनं बांधून कामावर जाये. परवा फटीतून सुरा घातला, दोरी कापली अन् माहेरी निघून आलो."